जुनी चूल, लहान घर आणि धुराची वाट

तापी-पूर्णा संगमाच्या परिसरात वसलेले मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचे एदलाबाद, संत मुक्ताबाईंच्या नावाने साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. मुक्ताबाईंविषयीच्या कथांमध्ये मांड्यांची कथा विशेष प्रसिद्ध आहे. मांडे भाजण्यासाठी त्यांना गावात कोणी खापर देऊ नये, अशी तजवीज विसोबांनी केली. तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगबळाने आपली पाठ तापवून दिली आणि मुक्ताबाईंनी तीवर मांडे भाजले, असे परंपरा सांगते. या कथेचा भक्तिपर अर्थ सर्वांना ठाऊक आहे. परंतु तिच्या मुळाशी रोजच्या व्यवहारातील एक सत्यही आहे. घरात पीठ आणि सरपण असले तरी तेवढ्याने अन्न तयार होत नाही. विस्तव, त्यावर ठेवायचे भांडे आणि त्यासाठी लागणारी जागा, या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळाव्या लागतात.

खानदेशात आजही आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खापरावरचे पुरणाचे मांडे केले जातात. ज्वारी-बाजरीची भाकरी आणि कळण्याची भाकरी हे येथील नित्याचे अन्न आहे. या सर्वांचा आधार असलेली मातीची चूल मात्र आज अडचणीत सापडली आहे. ती पूर्वी ज्या घरात होती ते घर बदलले. जाड भिंतींच्या धाब्याच्या घरात स्वयंपाकाला स्वतंत्र खण असे आणि धाब्याला ठेवलेल्या झरोक्यातून धूर वर निघून जाई. आता सिमेंटच्या किंवा पत्र्याच्या छपराखालील एक-दोन खोल्यांत चूल, पाण्याची भांडी, धान्याची कोठी, मुलांचा अभ्यास आणि रात्रीची अंथरुणे या सर्वांना जागा द्यावी लागते. घर लहान झाले, चूल मात्र तीच राहिली. ती मोडून टाकणे प्रत्येक कुटुंबाला शक्य नसते. थोड्या फेरबदलाने तिला लहान जागेला योग्य करता येते काय, याचा विचार या पाठात केला आहे.

धुराचा प्रश्न

चुलीच्या धुराची सवय झाली म्हणजे तो बाधत नाही, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. डोळ्यांतून पाणी येणे आणि ठसका लागणे ही केवळ वरवरची लक्षणे होत. धुरातील अतिसूक्ष्म कण फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचतात. दीर्घकालीन श्वसनरोग, लहान मुलांचा न्यूमोनिया, मोतीबिंदू आणि कमी वजनाची बालके यांच्याशी घरगुती धुराचा संबंध वैद्यकीय अभ्यासांतून दिसून आला आहे. घरातील अशा वायुप्रदूषणामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख लोकांचा अकाली मृत्यू झाला, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

भारतात या प्रश्नाची मोजणी १९८०च्या दशकाच्या आरंभीच झाली. डॉ. कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधील चार खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या स्त्रियांच्या श्वासाच्या पातळीवरील हवा तपासली आणि १९८३मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हवेचे प्रदूषण म्हणजे शहरातील कारखाने आणि मोटारी, ही तोपर्यंतची कल्पना त्यामुळे बदलली. खेड्यातील स्वयंपाकघर हेही प्रदूषणाचे मोठे ठिकाण ठरले आणि त्याचा सर्वाधिक भार स्त्रियांवर व त्यांच्याजवळ असलेल्या तान्ह्या मुलांवर पडतो, हे स्पष्ट झाले.

लहान घरात हा भार आणखी वाढतो. तेवढाच धूर लहान खोलीत अधिक दाट होतो आणि तो निघून जाण्यास वाटही कमी असते. शिवाय जळगाव जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या खोलीत अशा दिवसांत पेटलेली चूल ही धुराइतकीच उष्णतेचीही बाधा असते. म्हणून अनेक घरांत उन्हाळ्यात अंगणात वेगळी चूल मांडतात. ही रीत आरोग्याच्या दृष्टीने योग्यच आहे. खरी कसोटी लागते ती पावसाळ्यात आणि थंडीत, दार-खिडक्या लावून घेतल्यावर.

सरपण जळते म्हणजे काय होते

चुलीत काय सुधारावयाचे हे समजण्यासाठी लाकडाचे जळणे समजून घ्यावे लागते. लाकूड एकदम जळत नाही. प्रथम त्यातील पाण्याची वाफ होते. त्यानंतर लाकडातून जळाऊ वायू बाहेर पडतात. ज्योत दिसते ती या वायूंची. सुक्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग अशा रीतीने वायुरूपाने जातो. शेवटी उरतो तो निखारा.

धूर म्हणजे पुरते न जळलेले सरपण. वायूंना पुरेशी हवा व उष्णता मिळाली नाही, किंवा ज्योत थंड भांड्याला लवकर टेकून विझली, तर वायू न जळताच काजळी आणि धूर होऊन बाहेर पडतात. ओले सरपण घातल्यास बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. साध्या चुलीत सरपणातील उष्णतेपैकी दहा ते पंधरा टक्केच भांड्याला मिळते. उरलेली चुलीच्या भिंतींत, खोलीच्या हवेत आणि धुरात जाते.

यावरून सुधारणेची तीन कामे ठरतात. सरपणाला खालून हवा मिळाली पाहिजे. ज्योत व भांडे यांत योग्य अंतर राहिले पाहिजे. उरलेला धूर खोलीत न येता छपराबाहेर गेला पाहिजे. लहान घराच्या बाबतीत तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे होय. मात्र पहिली दोन कामे नीट झाली नाहीत, तर तिसऱ्यावर अवाजवी भार पडतो.

मागील प्रयत्नांचा धडा

निर्धूर चुलीच्या इतिहासात महाराष्ट्राला मानाचे स्थान आहे. वर्धा येथे १९३४मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जे. सी. कुमारप्पा यांच्या मार्गदर्शनाखाली मगनवाडीत तेलघाणी, हातकागद इत्यादी ग्रामोद्योगांवर जे काम झाले, त्याच वातावरणातून १९४७च्या सुमारास ‘मगन चूल’ पुढे आली. एकाच जाळावर एकापेक्षा अधिक भांडी आणि धुरासाठी धुराडे, ही तिची कल्पना होती. पुढे हैदराबाद येथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याची मातीची चूल तयार केली आणि १९५३मध्ये तिची माहिती पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केली. १९५२मध्ये सुरू झालेल्या सामुदायिक विकास कार्यक्रमाच्या काळात अशा चुली खेड्यांपर्यंत नेण्याचे प्रयत्न झाले.

तेल व सरपण यांच्या टंचाईच्या पार्श्वभूमीवर केंद्र शासनाने १९८०च्या दशकात राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला. मातीच्या स्थिर चुलीची कार्यक्षमता किमान २० टक्के आणि उचलून नेता येणाऱ्या चुलीची किमान २५ टक्के असावी, असे मान ठरले. २००२मध्ये केंद्रीय कार्यक्रम बंद होईपर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या. संख्येच्या दृष्टीने ही मोठी कामगिरी होती. तथापि अनेक चुली काही काळाने वापरातून गेल्या. काही ठिकाणी धुराड्याचे नळ अर्धेच बसविले गेले, काही ठिकाणी मापे चुकली, तर काही ठिकाणी काजळी काढण्याचे काम कोणाचे, हेच कोणाला सांगितले गेले नाही. अनुदान चूल बसविण्यासाठी होते. ती चालू राहावी याची जबाबदारी कोणावरच नव्हती.

ओडिशात धुराड्याच्या चुलींचा दीर्घकालीन अभ्यास करण्यात आला व तो २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी धुराचा संपर्क कमी झाला. पुढे देखभालीअभावी आणि वापर घटल्यामुळे तो लाभ राहिला नाही, असे त्यात आढळले. याउलट ग्वाटेमालामधील ५३४ कुटुंबांच्या अभ्यासात, जेथे चुली नियमित तपासून दुरुस्त केल्या जात होत्या, तेथे मुलांचा धुराशी संपर्क सुमारे निम्म्याने घटला आणि तीव्र न्यूमोनियाचे प्रमाणही कमी झाल्याचे २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. दोन्हीकडे चुलीला धुराडे होते. फरक पडला तो निगराणीने.

मापे चुकू नयेत यासाठी पुण्याच्या समुचित तंत्रज्ञान क्षेत्रातील आरती या संस्थेने निराळा मार्ग काढला. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने १९९६मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने ‘लक्ष्मी’ ही दोन भांड्यांची, धुराड्याची चूल प्रचारात आणली. साच्याचा वापर केल्यामुळे प्रत्येक चुलीची आतील मापे सारखी येतात आणि कारागिराच्या अंदाजावर अवलंबून राहावे लागत नाही. मातीच्या जुन्या चुलीत फेरबदल करतानाही हाच बोध घ्यावयाचा आहे. चुलीचे बाह्य रूप कसेही असो, आतील मापे सांभाळली पाहिजेत.

वैलातच सुधारणेचे बीज

पुष्कळ घरांतील चुलीला मागच्या किंवा बाजूच्या अंगाला वैल जोडलेला असतो. मुख्य चुलीवर भाकरी चालू असताना वैलावर वरण किंवा भाजी मंद आचेवर राहते. मुख्य चुलीतील तापलेला वायू एका भोकातून वैलाखाली येतो आणि दुसऱ्या भांड्याला ऊब देतो. सुधारित चुलीचे तत्त्व याहून वेगळे नाही. वैलापुढे धुराची वाट तेवढी राहून गेलेली असते. वैलापर्यंत आलेला धूर खोलीत सोडण्याऐवजी धुराड्यात नेला, की जुन्या चुलीचीच सुधारित चूल होते.

या दृष्टीने पाहिल्यास गृहिणीला नवी वस्तू शिकविण्याचा प्रश्न राहत नाही. तिच्या हाताची घडण, तिची बसण्याची उंची, तिची भांडी आणि तिची स्वयंपाकाची रीत कायम ठेवून चूल सुधारता येते. आजवर चुली घालण्याचे काम बहुतांशी स्त्रियांनीच केले आहे. म्हणून फेरबदलाच्या प्रत्येक टप्प्यावर त्यांचे मत प्रथम घ्यावे.

फेरबदलाचा क्रम

जागा : लहान खोलीत चूल भिंतीलगत, शक्य तर कोपऱ्यात असावी. मुख्य चूल एका भिंतीला व वैल काटकोनात दुसऱ्या भिंतीला आल्यास मधली जागा मोकळी राहते. चूल दाराच्या थेट समोर नसावी; वाऱ्याच्या झोताने धूर उलटतो आणि ज्वाळा बाहेर येतात. अंथरुणे, कपडे व सरपणाचा साठा यांपासून चुलीचे तोंड दूर असावे.

माती : काळी माती सुकताना आकसते आणि तिला तडे जातात, ती एकटी वापरू नये. पांढरी माती किंवा पोयटा, त्यात शेण आणि बारीक भुसा मिसळून दोन दिवस भिजत ठेवावा व नंतर चांगला मळावा. जाळाच्या आतील बाजूस राख मिसळलेल्या मातीचा थर द्यावा. तो उष्णता कमी शोषतो. नुसती जाड भिंत उष्णता धरून ठेवते आणि ती उष्णता भांड्याऐवजी मातीला मिळते, हे ध्यानात ठेवावे.

जाळी : चुलीच्या तळापासून तीन बोटे उंचीवर लोखंडी सळयांची जाळी बसवावी. जाळीखालून हवा येते, राख खाली पडते आणि निखारा पूर्ण जळतो. फुंकणीचे काम कमी होते. जाळीपासून भांड्याच्या बुडापर्यंत १५ ते १८ सेंटिमीटर, म्हणजे एका वितीपेक्षा थोडे कमी, अंतर ठेवावे. अंतर फार कमी झाल्यास ज्योत बुडाला टेकून काजळी धरते, फार वाढल्यास आच पोहोचत नाही.

तोंड : जुन्या चुलीचे तोंड पुष्कळदा प्रशस्त असते. त्यातून गरजेपेक्षा अधिक थंड हवा आत जाते. तोंडाची रुंदी सुमारे एक वीत आणि उंची त्याहून थोडी कमी ठेवावी.

भांड्याची बैठक : साध्या चुलीच्या काठावर तीन उंचवटे असतात, त्यांमधील फटींतून ज्वाळा व धूर बाहेर पडतो. धुराडे बसवावयाचे असल्यास मुख्य चुलीवरील हे उंचवटे काढून काठ सपाट व गोल करावा, म्हणजे भांडे फट न ठेवता बसेल. लहान-मोठ्या भांड्यांसाठी भाजलेल्या मातीची किंवा लोखंडाची दोन-तीन कडी करून ठेवावीत. खापरासाठीही त्याच्या गोलाईचे एक वेगळे कडे असावे. आखाजीला खापर बसत नाही एवढ्या कारणावरून चूल फोडली जाऊ नये.

वैल व धुराची वाट : मुख्य चुलीतून वैलाकडे जाणारी वाट किंचित चढती असावी. वैलाखालील तळ उचलून घ्यावा, म्हणजे तापलेला वायू भांड्याच्या बुडाला घासून जाईल. तेथे दोन ते तीन बोटांचे अंतर पुरे. मात्र ही वाट धुराड्याच्या पोकळीपेक्षा फार अरुंद होऊ देऊ नये. वैलावर भांडे नसेल तेव्हा झाकण ठेवणे आवश्यक आहे. उघड्या वैलातून धुराडे थंड हवा ओढते आणि धूर पुढील तोंडातून उलटतो.

धुराडे : सुमारे दहा सेंटिमीटर पोकळीचा नळ घ्यावा. तो भाजलेल्या मातीचा, सिमेंटचा किंवा जस्तलेपित पत्र्याचा असावा. प्लॅस्टिकचा नळ कधीही वापरू नये. पूर्वीच्या कार्यक्रमांत अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे नळ वापरले गेले. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ कर्करोगास कारण होते हे आता सिद्ध झाले आहे. म्हणून असे जुने नळ करवतीने कापू नयेत व फोडू नयेत. धुराडे छपराच्या वर किमान ६० सेंटिमीटर जावे व त्यावर पावसापासून रक्षण करणारी टोपी असावी. धाब्याच्या सऱ्या व लाकडी वासे यांपासून नळ हातभर दूर ठेवावा. पत्र्याचे किंवा गवताचे छप्पर असल्यास नळ भिंतीतून बाहेर काढून बाहेरच्या बाजूने वर नेणे अधिक सुरक्षित होय. नळाच्या तळाशी राख व काजळी काढण्यासाठी झाकणाचे एक भोक ठेवावे.

काम पूर्ण झाल्यावर चूल आठ-दहा दिवस सावलीत सुकू द्यावी. प्रथम लहान जाळ करून ती हळूहळू तापवावी. त्यानंतर पेटलेली उदबत्ती चुलीच्या तोंडाशी धरावी. तिचा धूर आत ओढला जात असेल तर धुराडे काम करीत आहे. बाहेर येत असेल तर वाट कोठे तरी तुंबली आहे किंवा वैल उघडा आहे, असे समजावे.

भाकरी आणि पऱ्हाटी

सुधारित चुली नाकारल्या जाण्याचे एक कारण कागदोपत्री क्वचितच नोंदले जाते. भाकरी तव्यावर शेकल्यानंतर ती चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर उभी करून फुगविली जाते. अरुंद तोंडाच्या आणि जाळीच्या चुलीत निखारे बाहेर ओढून घेण्यास जागा नसते. अशा वेळी गृहिणी तोंड फोडून मोठे करते आणि मग धूरही मोकळा होतो. दोष तिचा नसून आराखड्याचा असतो. चुलीच्या तोंडापुढे वीतभर लांबीचा, कडेला बोटभर काठ असलेला मातीचा ओटा केल्यास निखारे ओढून भाकरी फुगविता येते आणि तोंड फोडण्याची गरज राहत नाही.

दुसरा विचार सरपणाचा. मुक्ताईनगर तालुक्यात कापूस व तूर ही महत्त्वाची पिके असल्याने पऱ्हाटी आणि तुराटी हे सहज मिळणारे सरपण आहे. ते बारीक असल्याने भरकन पेटते आणि भरकन संपते. सतत पुढे सारावे लागते. लांब काड्या चुलीत तशाच खुपसल्यास त्यांचे बाहेर राहिलेले टोक खोलीत धूर सोडते. म्हणून काड्या हातभर लांबीच्या मोडून, जुडी बांधून, कोरड्या ठेवाव्यात. केळीचे खांब पाण्याने भरलेले असल्यामुळे सरपण म्हणून निरुपयोगी होत.

पऱ्हाटीच्या साठ्याबाबत शेतीच्या दृष्टीनेही दक्षता हवी. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत दडून राहते आणि पुढील हंगामात उपद्रव करते. सर्व बोंडे काढून नष्ट केल्याशिवाय पऱ्हाटी साठवू नये, आणि पावसाळ्यापूर्वी ती संपवावी.

सरपणाच्या बचतीला या तालुक्यात आणखी एक अर्थ आहे. वढोदा परिसरातील वन हे मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्राचा भाग असून तेथे वाघांचा वावर आहे. जंगलातून आणावयाची एक मोळी कमी होणे म्हणजे जोखमीची एक फेरी वाचणे होय.

हवा आणि सुरक्षितता

धुराडे खोलीतील हवा बाहेर ओढते. म्हणून तेवढीच ताजी हवा आत येण्यास वाट हवी. दार-खिडकी घट्ट लावल्यास उत्तम धुराडेही ओढत नाही. चुलीच्या समोरील भिंतीत खालच्या बाजूला एक झरोका ठेवावा. थंडीच्या रात्री ऊब राहावी म्हणून निखारे तसेच ठेवून दार लावून झोपण्याची सवय प्राणघातक ठरू शकते. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग वा वास नसतो. झोपण्यापूर्वी निखारे बाहेर नेऊन विझवावेत.

भाड्याच्या खोलीत किंवा सामाईक छपराखाली धुराडे बसविणे शक्य नसल्यास जाळी बसविणे, सरपण कोरडे ठेवणे, डाळ-तांदूळ भिजवून शिजविणे, भांड्यांवर झाकण ठेवणे आणि चूल खिडकीखाली आणणे, एवढे तरी करावे. त्यामुळे धूर नाहीसा होत नाही, परंतु धुरात बसण्याचा वेळ कमी होतो.

शाळेसाठी एक प्रयोग

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना हा विषय प्रत्यक्ष मोजून शिकविता येईल. पाच लिटर पाणी २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास ३७५ किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो सुक्या लाकडापासून साधारणतः ३,७५० किलोकॅलरी उष्णता मिळते असे धरले, तर दहा टक्के कार्यक्षमतेच्या चुलीत या कामासाठी एक किलो सरपण लागेल. वीस टक्क्यांच्या चुलीत अर्धा किलो पुरेल. शिक्षकांच्या देखरेखीखाली जुन्या व सुधारित चुलीवर समान भांड्यात तेवढेच पाणी ठेवून, सरपण आधी व नंतर वजन करून, दोन्हींतील फरक फळ्यावर मांडावा. ओल्या व कोरड्या सरपणाची तुलनाही अशीच करता येईल. गणित, विज्ञान आणि घर यांचा असा मेळ मुलांच्या सहज ध्यानात राहतो. आणि मुलांमार्फत तो घरी पोहोचतो.

ग्रामपंचायतीची जबाबदारी

१९८५मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेत निर्धूर चूल हा घरकुलाचा एक भाग मानला होता. २०१६पासून अंमलात आलेल्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये घराचे किमान क्षेत्र २० चौरस मीटरवरून २५ चौरस मीटर करण्यात आले आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकाच्या जागेचा समावेश करण्यात आला. ही जागा नकाशात दिसते, तशीच ती प्रत्यक्ष बांधकामातही दिसली पाहिजे. चौथरा होत असतानाच चुलीची जागा, धुराड्याचे भोक आणि खालचा झरोका आखून घेतल्यास पुढे भिंत फोडावी लागत नाही. हप्त्याच्या पाहणीच्या वेळी ग्रामपंचायत अधिकारी व अभियंता यांनी ही एक बाब अवश्य पाहावी.

१ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेखाली देशात दहा कोटींहून अधिक गॅस जोडण्या देण्यात आल्या आहेत. स्वच्छ इंधन हाच धुरावरील खरा उपाय आहे, याबद्दल दुमत नाही. सुधारित चूल गॅसची जागा घेऊ शकत नाही. तिच्यातील उत्तम धुराडेही धूर पूर्णपणे नाहीसा करीत नाही. तथापि सिलिंडर घरात असतानाही भाकरी, अंघोळीचे पाणी आणि गुरांचे आंबोण यांसाठी चूल पेटते. आणि हाती पैसा नसेल त्या महिन्यात तर ती दोन्ही वेळा पेटते. त्या वेळेचा धूर कमी करणे हे गॅसच्या प्रसाराला पूरक असेच काम आहे.

या कामासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. गावातील चुली घालण्यात कुशल अशा दोन-तीन स्त्रिया, एक गवंडी आणि एक कुंभार यांना एकत्र बसवून अंगणवाडीजवळ एक नमुना चूल करावी. बचत गटाच्या बैठकीत तिच्यावर प्रत्यक्ष भाकरी करून पाहावी आणि स्त्रियांच्या सूचनांप्रमाणे तीत बदल करावा. त्यानंतरच ती घरोघर न्यावी. चुलीच्या आतील वाटेची राख दर पंधरवड्याला आणि धुराड्यातील काजळी दर महिन्याला काढावी, हे काम घरातील पुरुषांनी व मोठ्या मुलांनी अंगावर घ्यावे. छपरावर चढून दोरीला बांधलेला गोणपाटाचा बोळा नळातून खाली-वर फिरविला, की अर्ध्या तासात ते होते.

ग्रामसभेपुढे दरवर्षी केवळ किती चुली बसविल्या याचा आकडा ठेवू नये. त्याऐवजी, मागील वर्षी बसविलेल्या चुलींपैकी आज किती चालू आहेत, किती धुराडी स्वच्छ आहेत आणि किती चुलींची तोंडे फोडलेली आढळली, हे तीन आकडे ठेवावेत. फोडलेल्या प्रत्येक तोंडामागे गृहिणीची एक अडचण असते. ती विचारून दूर केली, म्हणजे चूल टिकते. आणि चूल टिकली, म्हणजे लहान घरातही धुराला छपराबाहेरची वाट मिळते व स्वयंपाक करणाऱ्या हाताला मोकळा श्वास मिळतो.